कोपेश्वराचा नंदी

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात प्रथमच जाणाऱ्याला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. शिवाचे एवढे भव्य देऊळ, पण समोर नंदी नाही. तो कोठे आहे, हे गावातला कोणीही सांगतो: यडूरला. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली, इकडे शंकर कोपून बसला, म्हणून देव येथे आणि नंदी तेथे, अशी कथा आहे. खिद्रापूर शिरोळ तालुक्यात आहे आणि यडूर चिक्कोडी तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ पासून देवाचे राज्य वेगळे झाले आणि नंदीचे वेगळे.

याच देवळातले शिलालेख पाहावेत. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख संस्कृतात आणि देवनागरी लिपीत आहे. बाकीचे बहुतेक कन्नडात आहेत. करवीर परिसरावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांची भाषाही संस्कृत आणि कन्नड हीच आहे. याच्या उलट, मराठीचे आद्य वाक्य म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या वर्गात जे शिकवत आलो (त्याच्या आद्यत्वाविषयी आणि काळाविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, ते येथे बाजूला ठेवू), ते थेट श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले आहे. तेथे मराठी ओळीच्या सोबतीला कन्नड आणि तमिळ ओळीही आहेत. कोल्हापूरच्या इतिहासाची साधने कन्नडात आणि मराठीच्या इतिहासाचे एक आद्य साधन कर्नाटकाच्या ऐन पोटात, अशी ही अदलाबदल आहे. ती कोणाच्याही सीमावादाच्या सोयीची नाही. कदाचित म्हणूनच तिचा उल्लेख भाषणांत कमी आणि प्रश्नपत्रिकांत अधिक होतो.

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात 'पूर्वी असे नव्हते' हा सूर वारंवार कानी येतो. २०२१ साली महासाथीच्या काळात कोगनोळी नाक्यावर कर्नाटकाने तपासणीचा दाखला मागितला, तेव्हा निपाणीला लेक दिलेल्या घरांना प्रथमच हद्द म्हणजे काय ते कळले. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला, गाड्यांवर दगड पडले, काळे फासले गेले, एस. टी. बंद राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका वाहकाला मारहाण झाली आणि भाषेच्या कारणावरून दोन्ही राज्यांच्या बस पुन्हा काही दिवस थांबल्या. अशा प्रत्येक वेळी वडीलधारी मंडळी जुन्या दिवसांची आठवण काढतात. बेळगावला कुंदा आणायला जाऊन संध्याकाळी परतणे, धारवाडला गाणे ऐकायला जाणे, सौंदत्तीची यात्रा, चिक्कोडीची सोयरीक. या आठवणी खोट्या नाहीत. परंतु साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या जशाच्या तशा स्वीकाराव्यात, असेही आम्हांस वाटत नाही. स्मरणरंजन हेही एक साधन आहे आणि साधनाची चिकित्सा करावी लागते.

पहिला प्रश्न असा की, पूर्वी खरोखरच रेषा कमी होत्या काय? मुळीच नाही; उलट त्या आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होत्या. १९४७ पूर्वीचा या भागाचा नकाशा म्हणजे गोधडी होती. कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग, मुधोळ, सावंतवाडी ही संस्थाने आणि त्यांच्या मध्ये पसरलेला ब्रिटिश मुलखाचा बेळगाव जिल्हा. आज कर्नाटकात असलेले रायबाग आणि कटकोळ हे भाग कोल्हापूर संस्थानचे होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि या भागाने काही वर्षे एकाच राज्यात काढली, तीही जेमतेम साडेसात. तेव्हा 'रेषा नव्हती' असे म्हणणारी पिढी एक तर त्या साडेसात वर्षांविषयी बोलत असते, किंवा रेषा असूनही जी जाणवत नसे, तिच्याविषयी. आम्हांस दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा वाटतो. रेषा होत्या, पण रेषेच्या दोन्ही बाजूंचे वाचू शकणारी माणसेही होती. येथील राजाराम महाविद्यालयाचा इतिहास या दृष्टीने कोणीतरी नीट लिहावयास हवा.

१८८० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात के. जी. कुंदणगार कन्नडचे अध्यापन करीत. १९३९ साली त्यांनी कोल्हापुरातून शिलालेखांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे इंग्रजी नाव मोठे बोलके आहे: 'इन्स्क्रिप्शन्स इन नॉर्दर्न कर्नाटक अँड द कोल्हापूर स्टेट'. उत्तर कर्नाटक आणि कोल्हापूर संस्थान ही एकाच अभ्यासाची दोन अंगे आहेत, हे त्या नावातच गृहीत आहे. गावोगाव जाऊन ठसे घेणे, झिजलेली अक्षरे लावणे, जुने कन्नड उलगडणे या कामाला लागणारी चिकाटी आज विभागाविभागांतून दाखवावी लागते ती कागदी प्रगती पाहता हेवा वाटण्याजोगी आहे. हेच कुंदणगार १९६१ साली गदग येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

त्यांचे समकालीन डॉ. आ. ने. उपाध्ये. जन्म १९०६ साली चिक्कोडी तालुक्यातील सदलग्याचा. १९३० पासून सुमारे बत्तीस वर्षे त्यांनी राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवली. 'प्रवचनसार', 'परमात्मप्रकाश', 'बृहत्कथाकोश', 'कुवलयमाला' या ग्रंथांच्या त्यांच्या संपादित आवृत्त्यांशिवाय प्राकृत साहित्याचा आणि म्हणून मराठीच्या पूर्वपीठिकेचाही अभ्यास पुढे सरकत नाही. उपाध्ये यांनी इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लिहिले. १९६७ साली श्रवणबेळगोळला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, उतारवयात म्हैसूर विद्यापीठात जैनविद्येचा नवा विभाग त्यांनी उभा केला आणि १९७५ मध्ये कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले. त्यांना कोल्हापूरचे म्हणावे की कर्नाटकाचे, हा प्रश्न त्यांच्या हयातीत कोणास पडला असेल असे वाटत नाही.

तिसरे नाव वि. कृ. गोकाक यांचे. १९५० ते १९५२ या काळात ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याआधी सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचेही प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. त्याच विलिंग्डनमध्ये रं. श्री. मुगळी हे कन्नड वाङ्मयाचे इतिहासकार दीर्घकाळ अध्यापन करीत होते. तिकडे सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात १९४४ ते १९५६ द. रा. बेंद्रे होते, घरची भाषा मराठी, कवितेची कन्नड. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर या तीन मराठी शहरांत आधुनिक कन्नड साहित्याचे अग्रणी वर्गावर तास घेत होते. आमच्या मराठी वाङ्मयेतिहासांत या वस्तुस्थितीला एक परिच्छेदही मिळालेला नाही.

गोकाकांच्या नावाशी मात्र थोडे थांबावयास हवे. कारण १९८० साली कर्नाटक सरकारने शालेय शिक्षणातील भाषांविषयी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच गोकाक. कन्नडला प्रथम भाषेचे अग्रस्थान द्यावे, ही तिची शिफारस. तिच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये कर्नाटकभर जे आंदोलन झाले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १९८६ मध्ये बेळगावात कन्नडसक्तीच्या विरोधात मराठी माणसे रस्त्यावर आली. कोल्हापुरात मराठी मुलांचे प्राचार्य राहिलेला, दोन्ही भाषांच्या शेजाराचा साक्षात अनुभव असलेला हा थोर कवी तीस वर्षांनी अशा शिफारशीपर्यंत का पोचला? 'ते बदलले' हे उत्तर सोपे आहे. आम्हांस वाटते, त्या शेजाराकडे पाहण्याची त्यांची बाजू आपण कधी ऐकूनच घेतली नाही.

ती बाजू ऐकायची तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते. पेशवाईनंतर इंग्रजांनी धारवाड, बेळगाव, विजापूर हा मुलूख मुंबई इलाख्याला जोडला आणि त्याला नाव दिले 'सदर्न मराठा कंट्री'. कन्नड बोलणाऱ्यांच्या देशाचे नाव दक्षिण मराठा देश! १८८२ साली स्थापन झालेल्या आणि धारवाडला मुख्यालय असलेल्या रेल्वे कंपनीचेही नाव 'सदर्न मराठा रेल्वे'च होते. कचेऱ्यांत मराठी, दप्तरांत मोडी आणि सुरुवातीच्या सरकारी शाळांतही मराठीचाच वरचष्मा. कन्नड मुलांनी कन्नडमध्ये शिकावे यासाठी डेप्युटी चन्नबसप्पांना शिक्षणखात्यात राहून झगडावे लागले. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला, त्यामागेही हीच खंत होती. त्या काळच्या धारवाडच्या सुशिक्षित कन्नड माणसाला मराठी उत्तम येई, याचे कौतुक आपण आजही करतो. त्याला ती यावीच लागे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

नाटकाची कथा तर अधिकच बोधक आहे. कर्नाटकातील कर्की गावची भागवत नाटक मंडळी सांगलीस आली, चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांचे खेळ पाहिले, असे काही आपल्याकडे करावे अशी इच्छा व्यक्त केली आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. मराठी रंगभूमी दिन ज्या प्रयोगाच्या स्मरणार्थ साजरा होतो, त्याची प्रेरणा अशी सीमेपलीकडची. पुढे १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. (त्याच गावी उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले आणि १८९६ मध्ये शं. बा. जोशी. एका खेड्याने मराठीला संगीत नाटक द्यावे, महाराष्ट्राला कारखाना द्यावा आणि मराठी-कन्नड संस्कृतीच्या मुळाचा शोध घेणारा पंडितही द्यावा, हे योगायोगापलीकडचे आहे. त्या गावाचे वाङ्मयीन चरित्र कोणी लिहील तर उत्तम.) हे ऋण आपण थोडेफार मान्य करतो. परंतु त्यानंतर काय झाले? मराठी नाटक मंडळ्या हुबळी, धारवाड, गदग गाजवू लागल्या. त्यांची लोकप्रियता एवढी की, तिने अस्वस्थ झालेल्या शांतकवींनी गदगमध्ये कन्नड नाटके लिहून मंडळी उभी केली. जे आपल्या लेखी 'मराठी नाटकाचा कर्नाटकातील सुवर्णकाळ', तेच त्यांच्या वाङ्मयेतिहासात 'कन्नड रंगभूमीच्या जागृतीचे कारण' म्हणून नोंदलेले आहे. एकच प्रयोग, पण दोन घरांत त्याच्या दोन आठवणी.

अनुवादातही तोल असाच एका बाजूला कललेला. गळगनाथांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या कन्नडात नेल्या. आलूर वेंकटराव पुण्यात शिकले, टिळकांच्या प्रभावाखाली वाढले, त्यांनी 'गीतारहस्य' कन्नडमध्ये आणले आणि तोच माणूस पुढे कर्नाटक एकीकरणाचा अध्वर्यू झाला. त्या काळात कन्नडातून मराठीत काय आले, याची यादी करू गेल्यास हात लवकर थांबतो. म्हणजे मैत्री होती हे खरे, पण एका मित्राला दुसऱ्याची भाषा येत होती आणि दुसऱ्याला ती शिकण्याची गरज भासत नव्हती.

याचा अर्थ जुना शेजार हा केवळ वर्चस्वाचा होता, असे म्हणण्याचा टोकाचा मोह आजकालच्या अभ्यासात दिसतो. तोही आम्हांस मान्य नाही. जेथे कचेरी नव्हती, तेथे हिशेब वेगळा होता. गडहिंग्लजच्या पूर्वेकडील खेड्यांत घरात कन्नड आणि बाजारात मराठी अजूनही चालते, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. 'अण्णा', 'अक्का' ही नाती, 'तूप', 'अडकित्ता', 'खलबत्ता' या स्वयंपाकघरातल्या वस्तू कन्नडाकडून आल्याचे भाषाभ्यासक सांगतात. शब्द स्वयंपाकघरात शिरतो तो राजाज्ञेने नव्हे. तुकोबांच्या गाथेत कन्नड बायको आणि मराठी नवरा यांचा एक अभंग आहे. ती एक म्हणते, तो भलतेच समजतो आणि पळत सुटतो. दोघांचे जुळत नाही, हाच दृष्टान्ताचा मुद्दा. शेजार गोडीगुलाबीचा होता असे तुकोबा सांगत नाहीत. पण असा संसार ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता, एवढे त्यातून निश्चित कळते. दृष्टान्त अनोळखी गोष्टीचा देत नाहीत. 'गुरुचरित्रा'चा कर्ता सरस्वती गंगाधर याची भाषा तर कन्नड, आणि तरीही तो मराठीत असा ग्रंथ लिहितो की, जो महाराष्ट्रात घरोघर पारायणाला बसतो.

गाण्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्याविषयी सर्वांनीच लिहिले आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची विद्या त्यांचे पुत्र मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडून धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, भीमसेन जोशी गदग परिसरातले. भीमसेनांची मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी एकाच गळ्यातून यावयाची, हे सांगून पुढे जाऊ.

यात्रांच्या बाबतीत मात्र भाबडेपणा टाळावा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरचे हजारो भाविक सौंदत्तीच्या रेणुकेला जातात. परतल्यावर येथे आंबील यात्रा भरते. 'उदं गं आई उदं' या गजराला राज्याची हद्द नाही, असे आपण मोठ्या प्रेमाने म्हणतो. पण त्याच वाटेने पिढ्यान्‌पिढ्या लहान मुलींना देवीला सोडण्यासाठी नेले गेले, त्या वाटेलाही हद्द नव्हती. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. मुक्त येण्याजाण्याच्या स्मरणात या मुलींची आठवण कोठे बसते, हे ज्याने त्याने पाहावे.

आता १९५६ कडे येऊ. बेळगावने त्याआधीच दोन्ही भाषांचे मेळे पाहिले होते. १९२९ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षीचे मराठी साहित्य संमेलन शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले आणि त्याच वर्षीचे कन्नड साहित्य संमेलनही मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच भरले. एका शहराने एका वर्षात दोन भाषांच्या सारस्वतांना जेवू घातले. सतरा वर्षांनी, १९४६ साली, याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. साहित्य संमेलनाच्या मांडवातून भाषिक राज्याची मागणी निघावी, यात गैर काही नव्हते. कन्नड संमेलनांतूनही एकीकरणाची मागणी होतच होती. लोकशाही राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, हे तत्त्व आजही योग्यच आहे. फक्त ज्या शहरात ठराव झाला, ते शहरच पलीकडे गेले.

राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला मिळाला. त्यामुळे कोवाडचे रणजित देसाई महाराष्ट्राचे लेखक ठरले आणि बेळगावच्या इंदिरा संत, धारवाडात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी 'महाराष्ट्राबाहेरचे' ठरले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याने काही गावे इकडे, काही तिकडे आणि बेळगाव आहे तेथेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली. २००४ मध्ये महाराष्ट्र ८६५ गावांचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, कोल्हापुरात बसून शेजारधर्माच्या आठवणी काढणे सोपे आहे. जानेवारी १९५६ मध्ये बेळगावात गोळीबारात घरचे माणूस गमावलेल्या कुटुंबाला, किंवा सातबारा मराठीत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याला त्या आठवणींचा उपयोग नाही. त्यांची मागणी मैत्रीची नसून हक्काची आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद करणारे ३५० अ हे कलम राज्यघटनेत आले तेही १९५६ सालीच. ते बेळगावच्या मराठी शाळेला जितके लागू आहे, तितकेच जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांना लागू आहे. बेळगावविषयी बोलताना आपल्यापैकी किती जणांना जतची आठवण होते?

रेषेनंतरही माणसे अगदीच थांबली नाहीत. १९७३ या वर्षी, म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले त्याच वर्षी, एकट्या धारवाडात बेंद्र्यांना कन्नड कवितेसाठी ज्ञानपीठ आणि जी. एं.ना 'काजळमाया'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला (जी. एं.नी तो पुढे परत केला, ती कथा निराळी). तेंडुलकरांनी कर्नाडांचा 'तुघलक' मराठीत आणला. विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि उमा कुलकर्णी ते मराठीत उतरवीत, अशा एका घरातल्या सहकार्यातून कारंत, भैरप्पा मराठी वाचकांपर्यंत पोचले. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाने पंढरीच्या देवाचा माग कन्नड भूमीपर्यंत काढला, त्याआधी १९५२ साली शं. बा. जोशींनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' या मराठी ग्रंथात दोन्ही संस्कृतींच्या मुळाचा प्रश्न उपस्थित केलाच होता. अगदी कोल्हापुरी चपलेचे घ्या. २०१९ साली तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. नाव कोल्हापूरचे, पण अथणी, निपाणीच्या कारागिरांचा हात तिला लागलेला आहे, हे सरकारी कागदावरही कबूल झाले.

खरा तुटवडा निर्माण झाला तो वाचकाचा. कुंदणगारांनी जमवलेले लेख वाचू शकेल असा माणूस आज कोल्हापुरातील मराठीच्या प्राध्यापकवर्गात शोधावा लागेल, आणि यात आम्ही स्वतःला वगळत नाही. आम्ही श्रवणबेळगोळचा लेख शिकवतो तो मराठीची एक ओळ म्हणून. तिच्या शेजारच्या ओळी कशा वाचायच्या हे आम्हांस आमच्या शिक्षकांनी शिकवले नाही. विभाग स्वतंत्र झाले, अभ्यासक्रम राज्यापुरते आखले गेले आणि दोन भाषा जाणणाऱ्या अध्यापकाची गरज कोणालाच उरली नाही. सीमेवर दगड पडतात त्याची बातमी होते. एका महाविद्यालयात एक विषय शिकवण्यास माणूस उरत नाही, त्याची होत नाही.

आणि तरीही एक चमत्कारिक उलटापालट आपल्या डोळ्यांदेखत झाली आहे. निपाणीचे देवचंद महाविद्यालय निपाणीकरांचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर असा आहे. ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. कर्नाटकात राहणारी मुले सकाळी हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या वर्गात येऊन बसतात. या मुलांनी शाळेत कन्नड शिकलेले असते. काहींनी ते नाइलाजाने, रडतकुंथत शिकलेले असते. दीडशे वर्षांपूर्वी धारवाडच्या मुलांनी मराठी शिकली असेल तशीच. म्हणजे दुसऱ्याची भाषा यावीच लागण्याची पाळी आता मराठी मुलांवर आलेली आहे. ती अन्यायाने आली की न्यायाने, हा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर चालू राहील. परंतु दोन्ही लिप्या वाचणारी, उपाध्यांच्या सदलग्याच्या आसपासच्या गावांतून येणारी ही मुले एम. ए. मराठीच्या वर्गात दाखल होतात आणि त्यांना आणखी एक भाषा येते, हे त्यांना कोणी विचारत नाही. तीही सांगत नाहीत. बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांत कन्नड येणे ही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे, आणि त्याला कारणे आहेत.

यंदा अशाच एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी खिद्रापूरच्या कन्नड लेखांचा विषय मागितला आहे. आजचे कन्नड तिला वाचता येते. बाराव्या शतकाचे हळेगन्नड ही वेगळी गोष्ट असल्याचे आम्ही तिला सांगितले, तेव्हा ते शिकायला कोठे जावे लागेल, असे तिने विचारले. धारवाड, आम्ही म्हणालो. तिची तयारी आहे. मराठी विभागाने मार्गदर्शक म्हणून कोणाचे नाव द्यावे, हे अद्याप ठरायचे आहे.